आधी पार्किंगमधला प्लग, मग टोकन: नागपुरात इलेक्ट्रिक एसयूव्ही बुक करण्यापूर्वी

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या तोंडावर मी एका इलेक्ट्रिक एसयूव्हीचं टोकन भरलं. गाडी चालवून पाहिली होती, घरच्यांना आवडली होती, रंगही ठरला होता. आठ दिवसांनी इलेक्ट्रिशियनला पार्किंग दाखवायला नेलं. तो म्हणाला, "भाऊ, मीटर रूम त्या टोकाले, तुमची गाडी या टोकाले. वायर नेता कुठून?" मध्ये दोन शेजाऱ्यांच्या जागा, वर ड्रेनेजचे पाइप. परवानगी आणि केबलच्या वाटेवरून चार महिने गेले आणि शेवटी मी बुकिंग रद्द केलं. टोकनचे पैसे परत यायला आणखी दीड महिना लागला. गाडीत काहीच खोट नव्हती, माझा क्रम उलटा होता. तेव्हापासून ओळखीतलं कोणी इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं म्हणालं, की मी त्याला शोरूमच्या आधी त्याच्याच पार्किंगमध्ये घेऊन जातो. पहिल्यांदाच ईव्ही घेणाऱ्यांसाठी हा लेखही त्याच क्रमाने लिहिला आहे.

पार्किंगमध्ये उभं राहून

बेसा, मनीषनगर, हुडकेश्वर अशा भागांत ज्यांचं स्वतःच्या प्लॉटवर घर आहे, त्यांचं हे काम एका दुपारचं. मीटरपासून पोर्चपर्यंत जाड वायर, स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा), आरसीसीबी (वीज गळाली की तोडणारा) आणि नीट अर्थिंग. अर्थिंगवर जरा थांबा, कारण इथेच गाडं अडतं. नागपुरातल्या बऱ्याच भागातली काळी माती पावसाळ्यात ओली असते आणि मे महिन्यात तडकते. माती सुकली की अर्थिंगचा रोध वाढतो आणि अर्थिंग कमकुवत दिसलं की गाडी चार्जिंग घ्यायलाच नकार देते. म्हणून अर्थिंग तपासायचं ते उन्हाळ्यात. पावसाळ्यात तपासून घेतलं असेल, तर मे महिन्यात पुन्हा मोजून घ्या.

फ्लॅटवाल्यांनी आधी मीटर रूमपासून आपल्या जागेपर्यंतचं अंतर टेपने मोजावं. नागपुरातल्या कित्येक इमारती सोसायटी म्हणून नोंदलेल्या नसून अपार्टमेंट कायद्याखालच्या असतात आणि कार्यकारिणी नावालाच असते. तोंडी "हो हो, करा" यावर विसंबू नका. वायर कुठून जाईल, ती कोणत्या मीटरवर असेल, खर्च कोणाचा आणि सुरक्षेसाठी काय बसवणार, हे लिहून अर्ज द्या आणि पोच घ्या. ही पोच हातात आल्याशिवाय टोकन भरायचं नाही, एवढं पाळलं तरी अर्धी डोकेदुखी वाचते.

तळघरातलं पार्किंग असेल तर २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं आणि कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. बॅटरी आयपी६७ दर्जाची आहे, असं विक्रेता सांगेल आणि ते खरंही असेल. पण हा दर्जा एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवण्याच्या चाचणीचा आहे. रात्रभर गढूळ पाण्यात उभ्या असलेल्या गाडीची ती हमी नव्हे. अशा जागी चार्जिंग पॉइंट भिंतीवर उंच घ्या आणि पावसाळ्यात गाडी वर कुठे लावता येईल, ते आधीच ठरवून ठेवा.

आता वीजबिल काढा. महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ असा रकाना असतो, तो पाहा. साध्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर गाडी तासाला साधारण ३ युनिट घेते. ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा वेगवान चार्जर, लावायचा असेल तर बहुतेक घरांना भार वाढवून घ्यावा लागतो. ११ किलोवॅटच्या चार्जरला थ्री-फेज लागतं. नवखे लोक इथे घाबरतात. ४५ युनिटची, म्हणजे कंपनीच्या भाषेत ४५ किलोवॅट-अवरची, बॅटरी तासाला ३ युनिटने भरायची म्हणजे पंधरा-सोळा तास! पण रोज रिकामी टाकी कोण भरतो? प्रतापनगरहून बुटीबोरीला जाऊन यायला साठेक किलोमीटर पडतात. त्याला नऊ-दहा युनिट लागतात आणि ती रात्री तीन-साडेतीन तासांत भरतात. शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला तर साधा पॉइंट वर्षानुवर्षं पुरतो. ज्यांची बॅटरी ६० युनिटच्या वर आहे किंवा ज्यांना रात्री उशिरा येऊन पहाटे लांब निघावं लागतं, त्यांनी वॉलबॉक्सचा खर्च करावा.

बिलाचा हिशेबही इथेच उरका. महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे साधारण १६० ते १७० युनिट जादा. महावितरणचे घरगुती टप्पे १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत. कूलर चालू असलेल्या महिन्यात तुमचं घर आधीच २५० युनिटवर असेल, तर गाडीचा मोठा वाटा वरच्या टप्प्याच्या दराने पडेल. "पेट्रोलच्या मानाने फुकटात पडते" असं सांगणारे खालच्या टप्प्याचा दर धरून सांगत असतात. ईव्ही चार्जिंगसाठी महावितरणचा वेगळा दरवर्ग आहे. वेगळं मीटर आणि त्याचा स्थिर आकार धरून आपल्याला काय परवडतं, हे वीज कार्यालयात विचारून कागदावर मांडा. छतावर सोलर असेल किंवा बसवायचा विचार असेल, तर गाडीचे युनिट धरूनच पॅनेलची क्षमता ठरवा. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट आणि त्यापुढच्या घरगुती सोलरला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे.

महिनाभराची वही

रोज किती किलोमीटर झाले, ते एक महिना लिहून ठेवा. सोबत गेल्या वर्षभरातल्या बाहेरगावच्या फेऱ्या आठवून लिहा. नागपूरहून वर्धा पाऊणशे किलोमीटर, अमरावती आणि चंद्रपूर दीडशेच्या आसपास, रामटेक पन्नासच. बहुतेकांच्या वहीत एक गोष्ट दिसते: रोजचं चाळीसच्या आत, महिन्यातून एकदा दीडशे जाऊन-येऊन तीनशे, आणि वर्षातून एक-दोनदा पुणे किंवा शिर्डी. बॅटरी निवडायची ती महिन्यातून एकदा होणाऱ्या फेरीसाठी. वर्षातून दोनदा होणाऱ्या प्रवासात चहाला जास्तीचं एकदा थांबलं तर बिघडत नाही. त्या दोन दिवसांसाठी चार-पाच लाख जादा मोजणं मला पटत नाही. सासर-माहेर पुण्याला आणि दर महिन्याला जाणं असेल, तर गोष्ट वेगळी.

"किती देते?"

नागपुरात गाडी दारात आली की पहिला प्रश्न हाच येतो. ईव्हीच्या बाबतीत याचं उत्तर तीन वेगवेगळ्या आकड्यांत असतं. जाहिरातीतला आकडा प्रमाणित चाचणीचा असतो. टाटा हॅरियर ईव्हीच्या ७५ युनिटच्या मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचा हा आकडा ६२७ किलोमीटर आहे. पण त्याच गाडीसाठी कंपनी ‘सी ७५’ नावाचा दुसरा आकडाही देते. चारातल्या तिघा ग्राहकांना प्रत्यक्षात मिळेल असा तो अंदाज आणि तो ४८० ते ५०५ किलोमीटर आहे. हा दुसरा आकडा छापण्याचा प्रामाणिकपणा मला आवडतो. इतर कंपन्यांच्या गाड्यांना मी शहरासाठी जाहीर आकड्याचे सत्तर टक्के आणि समृद्धी महामार्गासाठी पन्नास ते पंचावन्न टक्के धरतो.

समृद्धीवर इतकं का घटतं? कारची चाचणी होते त्यात सर्वाधिक वेग ताशी ९० च्या आसपास असतो आणि समृद्धीवर कारला १२० पर्यंत मुभा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १०० वरून १२० वर गेलात की तो ४४ टक्क्यांनी चढतो. पेट्रोल गाडीतही हेच होतं, पण तिथे दहा मिनिटांत टाकी भरून मिळते, म्हणून कोणी हिशेब करत नाही.

एक उदाहरण सोडवू. समृद्धीच्या नागपूरकडच्या टोकाहून, म्हणजे शिवमडक्याहून, छत्रपती संभाजीनगर सुमारे साडेचारशे किलोमीटर. ४५ युनिटची गाडी ताशी १०० ने शंभर किलोमीटरला साधारण १७-१८ युनिट खाते. पूर्ण भरून निघालात आणि १५ टक्के हाताशी ठेवलेत, तर ३८ युनिट वापरायला मिळतात, म्हणजे सव्वादोनशेच्या आत. पुढच्या टप्प्यांत चार्जरवर ८० टक्क्यांपर्यंतच भरणार, म्हणून दोन थांबे धरा. ७९ युनिटची मोठी गाडी शंभराला २० खाईल, पण तिला साधारण ३३५ किलोमीटरचा पल्ला मिळतो आणि एका थांब्यात काम होतं. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ पासून मुंबईच्या दिशेने आमणेपर्यंत पूर्ण खुला आहे. त्यावर कुठले चार्जर चालू आहेत, हे निघायच्या आदल्या दिवशी अ‍ॅपवर पाहा. चार्जर नकाशावर आहे एवढ्यावर जाऊ नका. शेवटचं चार्जिंग कधी झालं, ते पाहा. आठवडाभर कोणी वापरला नसेल, तर तो बंद धरूनच बेत आखा.

उन्हाची भीती मात्र थोडी चुकीच्या जागी आहे. मे २०१३ मध्ये आपल्याकडे ४७.९ अंशांची नोंद झाली होती, तेव्हा प्रश्न पडणं साहजिक आहे. नवतपाच्या (मे अखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ) दिवसांत एसी तासाला दोनेक युनिट ओढतो. समृद्धीवर तासाभरात गाडी चालण्यावरच अठरा-वीस युनिट जातात, त्यात हे दोन फारसे जाणवत नाहीत. पण सीताबर्डी ते इतवारी असं तासभर रेंगाळलात तर दहा किलोमीटरला गाडी दीड युनिट खाणार आणि एसी दोन! म्हणजे ऊन शहरात खातं आणि वेग महामार्गावर. शिवाय तापलेल्या दुपारी फास्ट चार्जरवर गाडी बॅटरी वाचवायला स्वतःहून चार्जिंगचा वेग कमी करते. त्यामुळे उन्हाळ्यातला लांबचा प्रवास पहाटे सुरू केलेला बरा. घेताना एवढं नक्की विचारा: बॅटरी द्रवाने थंड होते की नुसत्या हवेने? नागपूरसाठी माझं उत्तर ठाम आहे, द्रवाने थंड होणारीच घ्या.

दोन गाड्या शेजारी मांडताना

वहीचं एक पान उभं विभागा आणि पहिल्या ओळीत बॅटरीचे युनिट लिहा, किंमत नंतर. एमजी विंडसर ३८ आणि मोठ्या प्रकारात ५२.९, टाटा नेक्सॉन ३० आणि ४५, ह्युंदाई क्रेटा इलेक्ट्रिक ४२ आणि ५१.४, टाटा कर्व्ह ४५ आणि ५५, मारुती ई-विटारा ४९ आणि ६१, महिंद्रा बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई ५९ आणि ७९, हॅरियर ६५ आणि ७५. एकाच नावाखाली दोन वेगळ्या गाड्या आहेत, असं समजा. सुरुवातीची किंमत छोट्या बॅटरीची आणि जाहिरातीतला पल्ला मोठ्या बॅटरीचा, असं फार वेळा होतं.

दुसरी ओळ चार्जिंगची. महिंद्राच्या ७९ युनिटच्या गाड्या वीस मिनिटांत २० वरून ८० टक्क्यांवर जातात, हे खरं आहे. पण त्यासाठी १८० किलोवॅटचा चार्जर लागतो. वाटेत ६० किलोवॅटचा मिळाला तर तेच काम पाऊण तास ओलांडून पन्नास मिनिटांवर जाईल. आपल्या नेहमीच्या वाटेवर कोणते चार्जर आहेत, त्यावरून हा आकडा वाचायचा.

तिसरी ओळ बॅटरीच्या हमीची. आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर ही सर्वसाधारण हमी. टाटा आणि महिंद्रा काही मॉडेलना ‘आजीवन’ हमी देतात, पण ती पहिल्या खासगी मालकाला. टाटाच्या बाबतीत आजीवन म्हणजे पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षं. गाडी पाच वर्षांनी विकायची असेल, तर दुसऱ्या मालकाला काय मिळतं, हे विचारून लिहून घ्या, कारण तुमच्या गाडीची जुन्या बाजारातली किंमत त्यावर ठरेल. कंपनीच्या नावावर किंवा टॅक्सीत घेतलेल्या गाडीला अटी वेगळ्या असतात.

किमतीचं सांगायचं तर, ‘बॅटरी भाड्याने’ हा प्रकार नीट मांडा. विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये ९.९९ लाख रुपये अधिक किलोमीटरला साडेतीन रुपये अशी आली. महिन्याला दीड हजार किलोमीटर फिरणाऱ्याला ते ५,२५० रुपये होतात आणि वीज त्यावर वेगळी. कमी फिरणाऱ्याला हे सोयीचं वाटेल, पण किमान किलोमीटरची अट आहे का, ते आधी विचारा.

कर आणि सवलतींबाबत शोरूममध्ये अजूनही जुनी माहिती फिरते. कर्जाच्या व्याजावर मिळणारी ८०ईईबी कलमाची वजावट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांसाठीच होती. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत खासगी कारला अनुदान नाही. मिळतं ते हे: जीएसटी ५ टक्के, थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यात १५ टक्के सूट, आणि राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणानुसार मोटार वाहन कर माफ. त्याच धोरणात समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे. पहिल्या फेरीनंतर फास्टॅगचा हिशेब उघडून, पैसे कापले गेले नाहीत ना, एवढं पाहा.

चालवून पाहणं

शोरूमभोवतीची दहा मिनिटांची चक्कर काही सांगत नाही. दोन तास मागा, शक्यतो दुपारचे, आणि घरातली पाचही माणसं बसवा. निघताना बॅटरीची टक्केवारी आणि किलोमीटर लिहा. वर्धा रोडने जामठ्यापर्यंत जा, आउटर रिंगरोडवर वेग घ्या, मग महाल भागातल्या गल्लीत वळवून पाहा. लेआउटमधल्या गतिरोधकांवर पोट घासतं का, मागच्या सीटवर गुडघे वर येतात का (बॅटरी खाली असल्याने गाडीचा तळ उंच होतो आणि आईला हे लगेच कळतं), मागे बसलेल्यांपर्यंत एसी पोचतो का. स्क्रीनवर शंभर किलोमीटरला किती युनिट पडले, तो आकडा मिळाला की वही पूर्ण झाली. सुरक्षेसाठी भारत एनकॅपचे, म्हणजे गाड्यांच्या धडक-चाचणीत मिळालेले, तारे पाहा. हॅरियर ईव्ही आणि एक्सईव्ही ९ई दोघींना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेत ३२ पैकी ३२ गुण आहेत.

टोकन म्हणजे काय, ते समजून

बुकिंग हे वचन आहे आणि ते बदलू शकतं. अमेरिकेतल्या टेस्लाने नोव्हेंबर २०१९ मध्ये सायबरट्रक हा इलेक्ट्रिक पिकअप ट्रक दाखवला, तेव्हा सुरुवातीची किंमत ३९,९०० डॉलर आणि सर्वांत मोठा पल्ला ५०० मैल सांगितला होता. शंभर डॉलर भरून लोकांनी नंबर लावले. गाडी नोव्हेंबर २०२३ मध्ये हातात पडली, तेव्हा सुरुवातीची किंमत ६०,९९० डॉलर झाली होती आणि पल्ला जास्तीत जास्त ३४० मैल. तिथल्याच रिव्हियन या इलेक्ट्रिक ट्रक बनवणाऱ्या कंपनीने मार्च २०२२ मध्ये आधीच बुक केलेल्यांनाही वाढीव किंमत लावली आणि ओरड झाल्यावर दोन दिवसांत जुनी किंमत परत दिली. हे ट्रक इथे विकले जात नाहीत, पण धडा इथलाच आहे. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई ला १४ फेब्रुवारी २०२५ रोजी, पहिल्याच दिवशी, ३०,१७९ बुकिंग मिळाली. सर्वांत वरचा प्रकार, पॅक थ्री, मार्चमध्ये मिळू लागला, तर सर्वांत स्वस्त पॅक वनची डिलिव्हरी ऑगस्टपासून ठरलेली होती. शिवाय जाहीर किमतीत चार्जर आणि तो बसवण्याचा खर्च धरलेला नव्हता. कंपनीने हे लपवलं नव्हतं, पण नुसता मथळा वाचून गेलेल्यांना शोरूममध्ये कळलं.

म्हणून टोकन भरताना पावतीवर व्हेरिएंट, बॅटरी आणि रंग लिहून घ्या. किंमत बुकिंगच्या दिवसाची की डिलिव्हरीच्या, रद्द केल्यास पैसे किती दिवसांत आणि किती कापून, चार्जर किमतीत आहे का, उच्च दाबाची बॅटरी उघडून दुरुस्त करणारा तंत्रज्ञ नागपुरातल्याच वर्कशॉपमध्ये आहे की गाडी बाहेरगावी पाठवतात, हे ईमेलवर विचारा. तोंडी मिळालेलं उत्तर पुढे उपयोगी पडत नाही, हे मी स्वतः भोगलं आहे. आणि "पाडव्याला गाडी दारात" हे आश्वासन मुहूर्ताच्या घाईत घेऊ नका. मुहूर्त पुढच्या दसऱ्यालाही असतो.

मालवाहू गाडी घ्यायची असेल तर

कळमना, इतवारी किंवा वाडीच्या गोदामांतून माल नेणाऱ्यांसाठी हिशेब अधिक सोपा, कारण फेऱ्या ठरलेल्या असतात. टाटा एस प्रो ईव्ही १४.४ युनिटची, ७५० किलो वजन नेणारी, जाहीर पल्ला १५५ किलोमीटर. एस ईव्ही २१.३ युनिटची आणि तिचा एक टनाचाही प्रकार आहे. पूर्ण माल भरून, दिवसात जितक्या फेऱ्या होतात तितक्या, टेस्ट गाडीवर एक दिवस मारून पाहा. विक्रेता रिकामी गाडी देत असेल तर ती चाचणी धरू नका. जेवणाच्या सुट्टीत गोदामावर तासभर चार्जिंग मिळालं तर छोटी बॅटरी पुरते, आणि ती पुरली की पैसे लवकर वसूल होतात. बॅटरीवरच्या मालवाहू गाडीला परवान्यातून २०१८ पासून सूट आहे. फिटनेस आणि विमा मात्र लागतो.

गाडी ताब्यात घेताना

नोंदणीच्या आधी गाडी दिवसाउजेडी पाहा. किलोमीटरचा काटा, टायरवरची बनावटीची तारीख, सोबतची चार्जिंग केबल, दुसरी किल्ली, चार्जरची पावती. फास्ट आणि स्लो दोन्ही चार्जिंग तिथेच लावून दाखवायला सांगा. हिरवी पाटी लागली की लगेच मुंबईला निघू नका. पहिल्या रविवारी मनसरवरून रामटेकला जाऊन या. निघताना आणि परतल्यावर टक्केवारी, किलोमीटर आणि एसी किती वेळ चालला, हे त्याच वहीत लिहा. दुसऱ्या रविवारी अमरावती. तिथून परतताना १५ टक्क्यांच्या खाली आलात, तर वाटेतला कोणता चार्जर खरंच चालतो, तेही कळेल.